उत्तरही फ्रेंचमध्येच येतं

जूनमधल्या एका दुपारी लियाँ शहरात, रोन नदीजवळच्या एका चौकात, नाशिकच्या एका बाईंनी काठी टेकत चाललेल्या आजोबांना थांबवलं आणि फ्रेंचमध्ये विचारलं, 'गार द लियाँ कुठे आहे?' चार महिने फोनवरच्या अ‍ॅपसमोर घोटून घोटून गुळगुळीत केलेलं वाक्य होतं ते. आजोबा खूश झाले. परक्या देशातली बाई आपल्या भाषेत बोलते आहे म्हटल्यावर ते चांगलं अर्धा-पाऊण मिनिट बोलले, एकदा हसलेसुद्धा. बाईंना त्यातला एकच शब्द कळला, 'द्र्वा'. 'द्र्वात' म्हणजे उजवीकडे, हे पाठ होतं. बाई 'मेर्सी' म्हणून उजवीकडे वळल्या. मागोमाग बॅगा ओढत त्यांचे यजमान वळले. पूल ओलांडून पलीकडे जायचं होतं. दोघं नदीच्या काठाकाठाने चालत राहिले. पॅरिसची गाडी वेळेवर सुटली, आणि फ्रान्समधल्या अतिवेगवान गाड्यांचं तिकीट त्या-त्या गाडीपुरतंच असल्यामुळे नवी तिकिटं काढावी लागली.

त्या बाई म्हणजे प्रस्तुत लेखिका.

आजोबांच्या भाषणात काय होतं, ते रात्री हॉटेलातल्या इंग्रजी जाणणाऱ्या मुलीने समजावून सांगितलं. पहिली गोष्ट, 'गार द लियाँ' नावाचं स्टेशन लियाँत नाहीच. ते पॅरिसमध्ये आहे. तिथून लियाँकडे गाड्या सुटतात म्हणून ते नाव. लियाँचं मोठं स्टेशन 'पार-द्यू'. आजोबा हसले ते यावर. मुंबई नाका नाशिकमध्ये असतो, हे जन्मभर पाहिलेल्या बाईला हे सुचायला हवं होतं. दुसरी गोष्ट, आजोबा 'तू द्र्वा' म्हणाले होते. 'तू द्र्वा' म्हणजे सरळ, नाकासमोर. 'आ द्र्वात' म्हणजे उजवीकडे. फरक शेवटच्या 'त'चा.

सुट्टीसाठी फ्रेंच शिकणाऱ्या बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते इथेच. सगळी तयारी प्रश्नांची असते. स्टेशन कुठे, केवढ्याला, किती वाजता. प्रश्न झकास विचारता येतो, आणि त्याचीच शिक्षा म्हणून उत्तरही फ्रेंचमध्येच येतं, तेही धावत्या फ्रेंचमध्ये. मग शिकायचं असेल तर उत्तर आधी शिकावं. रस्ता विचारण्याआधी 'आ गोश' (डावीकडे), 'आ द्र्वात', 'तू द्र्वा' हे तीन शब्द कानाने ओळखता आले पाहिजेत. दुसऱ्याने मोठ्याने म्हणायचे आणि आपण फक्त हात दाखवायचा. लेखिकेच्या घरी हा खेळ आता जेवणाच्या टेबलावर चालतो.

शिकण्याची ठिकाणं आपल्याकडे कमी नाहीत. १८८३ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आलियाँस फ्रांसेझची केंद्रं पुण्या-मुंबईत आहेत, आणि पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये कित्येक पिढ्या परकीय भाषा शिकल्या. पण तिथला ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीच्या, पातळीचा अभ्यासक्रम परीक्षेसाठी बांधलेला असतो, पंधरा दिवसांच्या सहलीसाठी नव्हे. 'माझं नाव अमुक, मला दोन भाऊ आहेत, मला पोहायला आवडतं' हे सगळं लेखिकेला येत होतं. सबंध सहलीत तिला भाऊ किती, हे कोणीही विचारलं नाही. अ‍ॅपचं तर बोलायलाच नको. मांजर दूध पिते, हे वाक्य त्याने शंभर वेळा म्हणवून घेतलं असेल.

आता जे खरोखर लागतं त्याबद्दल.

सगळ्यात आधी 'बोंजूर'. हा शब्द सगळ्यांना येतो आणि म्हणूनच त्याकडे कोणी लक्ष देत नाही. पॅरिसमध्ये पहिल्याच सकाळी लेखिका बेकरीत शिरली आणि थेट मागणी केली. त्या लांबुळक्या पावाचा फ्रेंच उच्चार मराठी कानाला 'बागेत' असा ऐकू येतो, त्यामुळे विसरायची सोय नाही. (याच पावाच्या कारागिरीला युनेस्कोने २०२२ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.) मागणीत 'सिल व्हू प्ले', म्हणजे 'कृपया', तेही होतं. तरी काउंटरमागच्या बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि एकेक अक्षर सुटं करत म्हटलं, 'बों-जूर, मादाम.' तिथे दुकानात शिरताना अभिवादन न करणं म्हणजे चपला घालून कुणाच्या देवघरात शिरण्यासारखं आहे. आधी बोंजूर, मग दुसऱ्याचं बोंजूर, मग काम. संध्याकाळी 'बोंस्वार'. निघताना 'ओ रव्हार'. फ्रेंच माणसं उद्धट असतात, अशी तक्रार घेऊन परतणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी हा पहिला शब्द गाळलेला असावा, असा लेखिकेचा संशय आहे.

मग आकडे. इथे मात्र थोडं थांबायला हवं.

लियाँत भाड्याने घेतलेल्या घराच्या मालकीणबाईंनी फोनवर दुसरा एक नंबर सांगितला. फ्रान्समध्ये फोन नंबर दहा आकडी असतो आणि तो दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. लेखिकेने कागदावर उतरवून घेतला तेव्हा तो तेरा आकडी भरला. कारण उघड होतं, पण तेव्हा कळलं नाही. फ्रान्सच्या फ्रेंचमध्ये सत्तरला स्वतःचा शब्द नाही, साठ-दहा म्हणतात. ऐंशी म्हणजे चार-वीस. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. सत्त्याण्णव म्हणजे 'कात्र-वँ-दी-सेत', चार-वीस-सतरा. बाईंनी सत्त्याण्णव म्हटलं आणि लेखिकेने इमानेइतबारे चार, वीस, सतरा असं लिहिलं. दोनाचे पाच आकडे झाले. दोघं दारात उभे, दाराला किल्लीचं भोक नाही, अंकांची बटणं. त्यांचा कोड विचारायचा तो त्याच नंबरवर.

वास्तविक मराठी माणसाला यात परकं वाटण्यासारखं काही नाही. आपल्याकडे आजीच्या पिढीतल्या बायका गोवऱ्या नि अंडी विसाच्या हिशेबातच मोजत, 'चार इसा नि दहा' म्हणत. पॅरिसमध्ये 'कँझ-वँ', म्हणजे पंधरा-वीस, नावाचं डोळ्यांचं रुग्णालय आहे. तेराव्या शतकात नवव्या लुई राजाने तीनशे अंधांसाठी आश्रम काढला, त्याचं ते नाव. पंधरा इसा! आजीला हा पत्ता एकदा सांगून कळला असता.

तेव्हा शंभरापर्यंतचे आकडे कानाने पक्के करावेत, क्रमाने नव्हे, वाटेल तसे. घड्याळही त्यातच येतं, कारण गाड्या, संग्रहालयं, उपाहारगृहं सगळी चोवीस तासांच्या हिशेबाने बोलतात. आणि एवढं करूनही आकडा निसटला तर लाज न बाळगता म्हणावं, 'व्हू पुव्हे लेक्रीर, सिल व्हू प्ले?' म्हणजे, लिहून द्याल का? या एका वाक्याने बाकीच्या सहलीत जेवढं वाचवलं, तेवढं चार महिन्यांच्या अभ्यासाने नाही.

वारांचं ओझं घ्यायचं कारण नाही. चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र याच क्रमाने लँदी, मार्दी, मेर्क्रदी, झदी, व्हाँद्रदी येतात. शनिवार-रविवार तेवढे वेगळे, साम्दी आणि दिमाँश. पॅरिसमधलं लूव्हर संग्रहालय मंगळवारी बंद असतं आणि ओर्से संग्रहालय सोमवारी, एवढ्यासाठी तरी ते यावेत.

जेवणाची गोष्ट शाकाहारी वाचकांनी जपून वाचावी. लेखिकेचे यजमान अंडंही न खाणारे. लियाँच्या जुन्या खाणावळी प्रसिद्ध आहेत त्या आतडी-कोथळ्याच्या पदार्थांसाठी, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. 'सालाद लियोनेझ' हे नाव वाचून सालाद ते सालाद म्हणून मागवलं, तर पानांवर डुकराच्या मांसाचे तुकडे आणि वर उकडलेलं अंडं. ते परत गेलं. पदार्थ फळ्यावर खडूने लिहिलेले, अक्षर लागेना. म्हणून वाढप्यानेच यादी म्हणून दाखवली. त्यात लेखिकेला 'री' ऐकू आलं. 'री' म्हणजे भात! यजमानांचा चेहरा उजळला. बशी आली तर तिच्यात भाताचं शीत नाही, मलईत बुडालेले पांढरट गोळे. वाढप्याला विचारलं. तो सभ्य माणूस होता. त्याने आधी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं, मग दोन्ही तर्जन्या डोक्यावर शिंगांसारख्या धरून हंबरून दाखवलं. 'री द व्हो' म्हणजे वासराच्या गळ्याकडची ग्रंथी. भाताचा 'री' आणि हा 'री' लिहायला वेगळे, उच्चाराला एकच. यजमान त्या रात्री पाव आणि लोणच्याच्या पाकिटावर झोपले.

यातून तयार झालेली चिठ्ठी लेखिका आता ओळखीच्या सगळ्यांना देते. 'मी शाकाहारी आहे' एवढ्यावर भागत नाही. मासा चालत असेल असं समजणारे भेटतात. मांस, मासा, कोंबडी, हॅम, डुकराचे तुकडे, अंडं, मांसाचं पाणी, जिलेटिन यांचे फ्रेंच शब्द (व्ह्याँद, प्वासों, पुले, झाँबों, लार्दों, उफ, बुयों, झेलातिन) कागदावर रोमन लिपीत ठळक लिहावेत, वर 'साँ', म्हणजे 'शिवाय', असं लिहावं आणि तो कागदच पुढे करावा. कांद्याचं सूप पारंपरिक पद्धतीने गोमांसाच्या पाण्यात शिजतं. कोंते आणि रोकफोर या चीजमध्ये जनावराच्या जठरातलं विरजण असतं. ज्याला ते चालत नाही त्याने ठरवावं. रातातुई मात्र भाज्यांचीच. आणि पाण्याला पैसे मोजू नयेत. 'यून काराफ दो' म्हटलं की नळाचं पाणी सुरईत भरून फुकट मिळतं. 'आँत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मुख्य नव्हे. 'मन्यू' म्हणजे ठरलेलं ताट. पदार्थांची यादी हवी असेल तर 'कार्त' मागावं.

फसवे शब्द आणखीही आहेत. 'ओतेल द व्हील' पाहून खोली मिळेल का विचारायला जाऊ नये, ती नगरपालिका असते. 'लिब्रेरी'त पुस्तकं विकत मिळतात, वाचायला नाही.

वही देवनागरीत ठेवावी. फ्रेंचमधला त आणि द आपल्यासारखाच दंत्य. रोमन लिपीत वाचलं की जीभ उगाच ट-ड कडे जाते. नाकातल्या स्वरांना अनुस्वार आणि चंद्रबिंदू आहेतच. तू-तुम्ही हा भेदही तिकडे जसाच्या तसा आहे. परक्याशी 'व्हू', बस. पण लिहिलेलं आणि ऐकलेलं जुळत नाही, हे विसरू नये. पाटीवर जे गाव रोमन अक्षरांत 'रीम्स' दिसतं ते ध्वनिक्षेपकावर 'रँस' होतं, आणि प्रवासी फलाटावर बसून राहतो.

पुढच्या वर्षी दोघं जिनिव्हाला गेले. लेखिका विमानातसुद्धा कात्र-वँ-दी-सेत पुटपुटत होती. दुकानात शिरताना बोंजूर झालं, उलट बोंजूर आलं, घड्याळ पसंत पडलं. दुकानदाराने किंमत सांगितली, 'नोनाँत-सेत'. स्वित्झर्लंडमध्ये नव्वदला सरळ नव्वदच म्हणतात. लेखिकेने पर्समधून कागद-पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं.