वार खाली असेल तर रक्त कसे थांबवतात?

गेल्या पंधरवड्यात एका वाचकांचे पत्र आले. नाव-गाव न छापण्याची विनंती आहे, म्हणून मजकूर तेवढा देतो. ते लिहितात, ‘आमच्या सुनेचे दुसरे सिझेरियन झाले. नातू सुखरूप आहे. पण डॉक्टरांनी त्याच वेळी तिची गर्भाशयाची पिशवी काढून टाकली. वार खाली होती, रक्त थांबत नव्हते, असे सांगतात. एवढ्या मोठ्या दवाखान्यात साधे रक्त थांबवता येत नाही का? की बिल वाढवण्यासाठी काढली?’

या सूनबाईंचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत काय झाले यावर मत देणे बरोबर नाही. पण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे, सर्जन नव्हे. तरीही आमच्या गावच्या स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर मदतनीस म्हणून बरीच वर्षे ऑपरेशनच्या टेबलाशी उभा राहिलो आहे. तिथे जे पाहिले आणि शिकलो, ते आज सोप्या भाषेत सांगतो.

वार आणि तिची जागा

बाळ पोटात असताना आईच्या रक्तातून त्याला अन्न आणि प्राणवायू पोचवते ती वार. गर्भाशय म्हणजे उलटा धरलेला पेरू समजा. फुगीर भाग वर आणि निमुळते तोंड खाली. वार सहसा वरच्या भागात पुढच्या किंवा मागच्या भिंतीला चिकटते. कधी कधी मात्र ती खालच्या भागात चिकटते आणि गर्भाशयाचे तोंड थोडे किंवा पूर्ण झाकून टाकते. यालाच प्लॅसेंटा प्रीव्हिया म्हणतात. साधारण दोनशे बाळंतपणांत एखादे असे निघते. तोंड झाकलेले असेल तर बाळाला बाहेर यायला वाटच नसते. कळा येऊन तोंड उघडू लागले की वार सुटते आणि रक्ताची धार लागते. अशा वेळी सिझेरियनला पर्याय नाही.

रक्त एवढे का जाते?

नऊ महिने भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असते. गरोदर स्त्रीच्या अंगात एकूण रक्त पाच-सहा लिटर. म्हणजे हा नळ उघडा राहिला तर दहा-बारा मिनिटांत काय होईल, याचा हिशेब कोणीही करू शकेल.

मग नेहमीच्या बाळंतपणात रक्त आपोआप कसे थांबते? निसर्गाने त्याची सोय केली आहे. गर्भाशयाच्या वरच्या भागात स्नायूंचे धागे आडवे-तिडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतून जातात. वार पडली की गर्भाशय आकसते आणि हे धागे रक्तवाहिन्यांना फास लावल्यासारखे आवळतात. बाळंतपणानंतर सुईण किंवा नर्स ओटीपोट चोळून ‘पिशवी घट्ट झाली का’ ते पाहते, ते यासाठीच.

खालच्या भागात मात्र स्नायू अगदी पातळ. आवळायला तिथे धागेच पुरेसे नाहीत. म्हणून वार खाली असली की बाळ सुखरूप निघाल्यावर, वरचा भाग दगडासारखा घट्ट झाल्यावरही, खालून रक्त झिरपतच राहते. औषध कमी पडते ते इथे.

वार मुळे धरते तेव्हा

याहून अवघड प्रकार म्हणजे वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजणे. त्याला प्लॅसेंटा अ‍ॅक्रीटा म्हणतात. आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर वार बसली की ती नुसती चिकटत नाही, आत मुळे धरते. कधी भिंत ओलांडून थेट लघवीच्या पिशवीपर्यंत पोचते. अशी वार हाताने ओढली तर सुटत नाही, फाटते आणि भळाभळा रक्त वाहते.

सिझेरियनची संख्या वाढते तसा हा धोकाही वाढतो. अमेरिकेत तीस हजार सिझेरियनांची एक पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. वार तोंडावर असलेल्या स्त्रियांमध्ये पहिलेच सिझेरियन असेल तर शंभरात तिघींची वार रुजलेली आढळली, दुसऱ्या सिझेरियनला अकरा जणींची आणि तिसऱ्याला चाळीस जणींची. आपल्या देशात २००५-०६ च्या पाहणीत शंभरात आठ-नऊ बाळंतपणे सिझेरियनने होत होती, २०१९-२१ मध्ये ती एकवीस-बावीसवर गेली. गरज असेल तेव्हा सिझेरियन जीव वाचवते. पण ‘कळा नकोत’ किंवा ‘मुहूर्त साधायचा’ म्हणून केलेल्या सिझेरियनची किंमत पुढच्या खेपेला मोजावी लागू शकते.

टेबलावर काय काय करतात?

पत्रलेखकांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. पिशवी काढणे ही शेवटची पायरी आहे. त्याआधी बऱ्याच पायऱ्या असतात आणि सर्जन त्या भराभर चढत असतात.

पहिली पायरी औषधांची. बाळ निघताच ऑक्सिटोसिन देतात. ते पुरले नाही तर मिथर्जिन किंवा कार्बोप्रोस्ट. रक्तदाब असणाऱ्या बाईला मिथर्जिन आणि दमेकऱ्याला कार्बोप्रोस्ट चालत नाही, म्हणून हे आजार डॉक्टरांपासून लपवू नयेत. त्याच्या जोडीला ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड. हे औषध जपानमधील ओकामोटो या डॉक्टर दाम्पत्याने १९६२ साली शोधले. २०१७ साली वीस हजार बाळंतिणींवरील अभ्यासातून असे दिसले की, रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. उशीर झाला तर उपयोग नाही.

दुसरी पायरी दाबाची आणि टाक्यांची. वार जिथून सुटली त्या जागेवर कापडी घड्या दाबून धरतात आणि जिथून रक्त येते तिथे विरघळणाऱ्या धाग्याचे टाके घालतात. मी मदतनीस असतो तेव्हा ही घडी दाबून धरण्याचे काम माझे. दोन-तीन मिनिटे तास-दोन तासांसारखी वाटतात.

तिसरी पायरी फुग्याची. गर्भाशयात रबरी फुगा घालून त्यात सलाईन भरतात. फुगा आतून भिंतीवर दाब देतो. विकतचा फुगा महाग पडतो. बांगलादेशातील डॉ. सायेबा अख्तर यांनी साधी रबरी नळी आणि निरोध वापरून तेच काम करता येते हे दाखवले आणि २००३ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. गरीब देशांतल्या अनेक बाळंतिणी त्यामुळे वाचल्या.

चौथी पायरी गर्भाशय बांधण्याची. १९९७ साली इंग्लंडमधील सर्जन बी-लिंच यांनी एक टाका प्रसिद्ध केला. शाळेच्या दप्तराचे पट्टे जसे दोन्ही खांद्यांवरून जातात, तसा धागा गर्भाशयावरून नेऊन आवळतात. वरचा भाग सैल पडला असेल तर तो फार उपयोगी. वार खाली असेल तर खालच्या भागाच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना शिवणारे चौकोनी टाके घालतात.

पाचवी पायरी रक्ताचा पाट अडवण्याची. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या रक्तवाहिन्या बांधतात. त्यानेही भागले नाही तर आणखी मागे जाऊन कमरेच्या पोकळीतील मोठी धमनी बांधतात. हे काम जोखमीचे. मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रवाहिनी तिथूनच जाते आणि शेजारी मोठी शीर असते. सवयीचा हात हवा. ही धमनी बांधल्याने गर्भाशय मरत नाही, कारण आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून रक्त पोचत राहते. पुढे पाळी येते, मूलही होऊ शकते.

हे सगळे करूनही रक्त थांबले नाही, तरच पिशवी काढतात. वार खोल रुजलेली आहे हे आधीच कळले असेल तर मात्र वारेला हात न लावता, बाळ वरच्या बाजूने काढून, वारेसकट पिशवी काढणे हाच बहुधा सुरक्षित मार्ग असतो.

यात नवे काही नाही. इटलीतील पाव्हिया येथे १८७६ साली एदुआर्दो पोरो या सर्जननी सिझेरियनच्या वेळी रक्त थांबेना म्हणून गर्भाशय काढले आणि आई व बाळ दोघेही वाचले. त्या काळी सिझेरियन झालेली बाई जगणे हीच नवलाची गोष्ट होती.

पिशवी गेली तरी अंडाशय सहसा ठेवतात. पाळी येणार नाही, मूल होणार नाही, हे खरे. पण शरीरातील स्त्रीरस तयार होत राहतात. ‘बाईपण गेले’ वगैरे बोलून त्या मुलीला दुखवू नका. तिने नुकतेच मरण परतवले आहे.

माझी एक चूक

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९९६ साली मी नुकताच दवाखाना थाटला होता. आठव्या महिन्यातील एक बाई आल्या. पहिले बाळंतपण सिझेरियनचे. सकाळी अंगावरून लालभडक रक्त गेले, पोटात अजिबात दुखले नाही आणि तासाभरात थांबले. मी रक्तदाब पाहिला, बाळाचे ठोके ऐकले. दोन्ही ठीक होते. ‘थांबले आहे ना, मग घाबरू नका, विश्रांती घ्या,’ असे सांगून गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले. सोनोग्राफीसाठी जिल्ह्याच्या गावी जावे लागे. त्यांचे भाडे वाचवले, असेच तेव्हा मला वाटले.

दहाव्या दिवशी रात्री दोन वाजता त्यांच्या दिरांनी दार वाजवले. बाई रक्तात भिजल्या होत्या. जीप करून जिल्ह्याला नेले, मीही बरोबर होतो. वाटेत नाडी हाताला लागेनाशी झाली. तिथल्या डॉक्टरांनी पिशवी काढली आणि नातेवाइकांनी धावपळ करून सहा बाटल्या रक्त उभे केले, म्हणून बाई वाचल्या. बाळ गेले.

दुखल्याशिवाय जाणारे लाल रक्त म्हणजे वार खाली असण्याची खूण, हे पुस्तकात मी वाचलेले होते. त्या दिवशी आठवले नाही. त्या बाई आजही बाजारात भेटतात, माझी चौकशी करतात. मला मात्र त्यांच्या डोळ्यांकडे पाहवत नाही. तेव्हापासून गरोदर बाईच्या अंगावरून एक थेंब रक्त गेले तरी मी तिला घरी पाठवत नाही. वार कुठे आहे हे कळेपर्यंत आतून तपासतही नाही, कारण बोट लागून वार सुटू शकते.

दोन वर्षांपूर्वी दोन सिझेरियन झालेल्या एका बाईंची वार व्रणावर आल्याचे सोनोग्राफीत दिसले. त्यांना लगेच मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नाव नोंदवायला लावले. पस्तिसाव्या आठवड्यात दिवस ठरवून ऑपरेशन झाले. रक्त आधीच तयार, लघवीच्या विकारांचे सर्जन हजर. पिशवी काढावी लागली, पण मुलगी रडतच जन्मली आणि आई नवव्या दिवशी घरी आली. आजार तोच, तयारीचा फरक.

आपण काय करावे?

१. पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी चुकवू नका. तिच्यात वार खाली दिसली तर घाबरून जाऊ नका. गर्भाशय वाढते तशी दहापैकी नऊ जणींची वार वर सरकते. मात्र बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तपासणी कराच.

२. आधी सिझेरियन झाले असेल तर ‘वार व्रणावर आहे का?’ असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. जुने कागद जपून ठेवा आणि दर वेळी बरोबर न्या.

३. वार खालीच राहिली तर संबंध टाळा, लांबचा प्रवास टाळा, घरात एकटे राहू नका. जिथे रक्तपेढी आणि भूलतज्ज्ञ आहेत तिथेच बाळंतपण ठरवा. माहेरी पाठवण्याच्या रीतीसाठी जीव धोक्यात घालू नका.

४. रक्त गेले, दुखत असो वा नसो, लगेच १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ‘सकाळी पाहू’ म्हणू नका.

५. लोहाच्या गोळ्या नियमित घ्या. देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. ज्या बाईचे हिमोग्लोबिन बारा आहे ती जो रक्तस्राव सोसते, तोच सात असलेलीच्या जिवावर बेततो.

६. रक्तगट आधीच तपासा. निगेटिव्ह गट असेल तर रक्तपेढीला आधी कळवा. घरातील धडधाकट माणसांनी रक्त द्यायची तयारी ठेवावी. अठरा ते पासष्ट वयाच्या, पंचेचाळीस किलोंहून अधिक वजनाच्या आणि साडेबारा हिमोग्लोबिन असलेल्या निरोगी माणसाला रक्त देता येते.

७. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांशी बसून बोला. ‘वेळ आली तर पिशवी काढावी लागेल’ हे पती-पत्नी दोघांनीही समजून घ्यावे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती महत्त्वाची. ‘थोरले येऊ देत, मग सही करू’ यात गेलेली पंधरा मिनिटे परत मिळत नाहीत.

सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रीसाठी सिझेरियन, औषधे, रक्त आणि वाहन २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, हेही लक्षात असू द्या.

पत्रलेखकांना एवढेच सांगतो. दवाखान्यात जाऊन ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागा. तो आपला हक्क आहे. कोणती औषधे दिली, कोणते टाके घातले, किती रक्त गेले आणि किती चढवले, हे त्यात लिहिलेले असते. ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून समजून घ्या. शंका खरी ठरली तर दाद मागा. पण वर सांगितलेल्या पायऱ्या त्यात दिसल्या, तर त्या डॉक्टरांना एकदा भेटून या. आणि सूनबाईंना पोटभर खाऊ-पिऊ घाला, लोहाच्या गोळ्या चालू ठेवा. गेलेले रक्त भरून यायला काही महिने लागतात.