इंजिनाची ऑइलगळती : एपॉक्सी लावावी कुठे आणि लावू नये कुठे?

गळीत हंगामापूर्वी बरेच जण ट्रॅक्टरचे इंजिन खोलून घेतात. काम होऊन चार दिवस झाले नाहीत तोच खाली तेलाचा डाग दिसतो, आणि मग "थोडी एम-सील भरू" असा सल्ला मिळतो. ही एम-सील म्हणजे एपॉक्सीच. पूर्वी ती महिंद्रा समूहातल्या कंपनीची होती, २००० साली अंधेरीच्या पिडिलाइटने घेतली. राळ आणि हार्डनर एकत्र मळले की रासायनिक क्रिया होऊन ती दगडासारखी घट्ट होते. वस्तू गुणाची आहे, पण गळक्या, तेलकट इंजिनावर बाहेरून थापली तर ती टिकत नाही. तिची खरी वेळ इंजिन सुटे असतानाच.

इंजिनाच्या मागच्या अंगाला, फ्लायव्हीलच्या आड, ब्लॉकमधल्या तेलवाटांची तोंडे बुचांनी बंद केलेली असतात. पुष्कळ इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकाशीही वाटीसारखे बूच असते. हे झिरपले की तेल क्लचवर येते, क्लच घसरू लागतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या ऑइल सीलवर जातो! कुर्ल्याला बनलेल्या प्रीमिअर पद्मिनीचा गिअरबॉक्स उतरवला की तिथे हात पोचतो. पण १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा कांदिवलीचा बी-२७५ आठवा. त्याचे इंजिन हाच सांगाड्याचा भाग, म्हणजे मागे बघायचे तर ट्रॅक्टर मधोमध फोडायचा. भर हंगामात उसाने भरलेली ट्रॉली उभी, ऊस वाळून वजन घटतेय, आणि ट्रॅक्टर दोन तुकड्यांत!

म्हणून खोललेल्या इंजिनात जुनी बुचे बदलावीत, नवी घट्ट ठोकावीत आणि वरून एपॉक्सीचा पातळ लेप द्यावा. तेलाचा दाब बुचानेच सोसायचा असतो, लेप ही फक्त जोडराखण.

लेपाआधी जागा डिझेलने धुऊन भागत नाही, त्याचा ओशटपणा राहतो. शेवटचा हात थिनरचा मारावा, एमरी पेपरने खरखरीत करावे, पुन्हा पुसावे. दोन्ही भाग पाकिटावरील प्रमाणातच घ्यावेत. "लवकर वाळेल" म्हणून हार्डनर जास्त घातला तर लेप कच्चा राहतो. साध्या प्रकाराला पुरता कडक व्हायला चोवीस तास द्यावेत, थंडीत जास्तच. मळताना हातमोजे घाला, काहींच्या कातडीला खाज सुटते.

आता उष्णतेचे. इंजिनातले तेल ९० ते ११० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. घरगुती एपॉक्सी त्याच्या पुष्कळ आधी, साधारण ६० ते ८० अंशांच्या पुढे, मऊ पडू लागते. दुकानात धातूची पूड घातलेली, जास्त उष्णता सोसणारी जातच मागावी आणि वेष्टनावरचा अंश वाचूनच पैसे द्यावेत.

ऑइल चेंबर, टॅपेट कव्हर, हेड यांच्या सांध्यांत मात्र पॅकिंगऐवजी एपॉक्सी मुळीच नको. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सांधा हलतो, एपॉक्सी हलत नाही, ती तडकते. आत गेलेला तुकडा चेंबरमधल्या जाळीत अडकला तर तेलाचा पुरवठा तुटून बेअरिंग जळते. शंभर-दोनशेच्या पॅकिंगपायी क्रँक घालवू नये. चेंबरची कड बोल्टांपाशी वाकली असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठोकून सरळ करावी, मग पॅकिंग घालावे.

आणि कशालाही हात लावण्याआधी ब्रीदर साफ आहे का ते पाहावे. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि चांगल्या पॅकिंगमधूनही तेल बाहेर फेकले जाते.