फोन तव्यावर ठेवू नका

मागच्या उन्हाळ्यात एक बाई माझ्याकडे आल्या. हातात फोन होता. म्हणाल्या, "गुरुजी, बॅटरी टिकत नाही जी. धाकटा म्हणते, तव्यावर जरासा शेकला का मागचं झाकण निघते. खरं हाय का?"

पोराचे अर्धे म्हणणे खरे होते. उरलेल्या अर्ध्याने घर पेटले असते.

बाईंचा थोरला मुलगा पुण्याला असतो. तो याच फोनवर बोलतो. बँकेचा निरोपही यावरच येतो. फोन गेला तर बाईंचे हातपायच बांधले जातील.

पूर्वी फोनचे झाकण नखाने निघत असे. आता ते चिकट पट्टीने बसवतात. त्यामुळे फोन पातळ होतो, धूळ-पाणी आत जात नाही. ही चिकट लाखेसारखी असते. थंड असली की घट्ट, ऊब लागली की मऊ.

पण ऊब किती? आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. कल्हईवाला तुम्ही पाहिला असेल. त्याचे कथील 232 अंशांवर वितळते. पाणी 100 अंशांवर उकळते. फोनची चिकट मात्र साधारण 60 ते 80 अंशांतच सैल पडते. उकळत्या पाण्याइतकीही उष्णता नको! तवा तर पाहता पाहता 200 अंशांच्या पुढे जातो. इस्त्रीही तशीच.

आत लिथियमची बॅटरी असते. तिच्यात पातळ थर असतात. थरांच्या मध्ये नाजूक पडदा असतो, आणि पेट घेणारे द्रव असते. फार तापली किंवा सुरीचे टोक लागले, तर पडदा फाटतो. मग बॅटरी आतूनच तापत जाते. ती आग फुंकून विझत नाही. म्हणून ऊब कडेला द्यावी, थोडा वेळ द्यावी. कडेची चिकट मऊ होते, मधली बॅटरी फार तापत नाही.

घरात काय आहे? गुडघा शेकायची रबरी पिशवी चालेल. तिच्यात उकळते पाणी भरू नका, आणि ती गळत नाही ना हे आधी पाहा. केस वाळवायचे यंत्र चालेल, पण ते सारखे हलवत राहा. यातले काही नसेल तर तांदूळ घ्या. ते आपल्या जिल्ह्यात कोणाकडे नाहीत? मूठ-दोन मूठ कोरडे तांदूळ तव्यावर परता आणि जाड, कोरड्या फडक्यात पुरचुंडी बांधा. मिठाची पुरचुंडी करू नका. मिठाचा कण आत गेला तर तारा गंजतात. पुरचुंडी मनगटाला लावून पाहा. चटका बसला तर निवू द्या. अंग शेकताना सोसते त्याहून किंचित जास्त, एवढीच ऊब पुरे.

आधी फोन बंद करा. बॅटरी पाव भागाहून कमी भरलेली असावी. पुरचुंडी एका कडेवर दोन मिनिटे ठेवा. मग प्लास्टिकचे जुने कार्ड फटीत हलकेच घाला आणि कडेने सरकवा. खोल घालू नका, आत पातळ पट्ट्यांच्या तारा असतात. अडले तर जोर करू नका, पुन्हा ऊब द्या. घाई केली की काच तडकते. माझ्या हातून एकदा तडकली आहे.

झाकण वर आलेले दिसले, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. तिला ऊब देऊ नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. फोन घराबाहेर, वाळूच्या घमेल्यात ठेवा आणि जाणत्या कारागिराला विचारा. बाईंची बॅटरी फुगली नव्हती, म्हणून आम्ही हात घातला. दुपार गेली, पण झाकण निघाले.

मला विचाराल तर एवढी यातायात गिऱ्हाइकाने का करावी? युरोपात 18 फेब्रुवारी 2027 पासून बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता यावी, असा कायदा केला आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. चिकट मात्र तशीच आहे.

जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. मोबाइलच्या दुकानात परत द्या. झाकण नव्या चिकट पट्टीने बसवा. तरी पाणी अडवण्याची पहिली ताकद त्यात बहुधा येत नाही. बाईंना मी सांगितले, "रोवणीला जाल तेव्हा फोन कमरेला खोचून बांधीत उतरू नका, धुऱ्यावर डब्यात ठेवा."