निसर्गसंपत्ती संवर्धनाचे पदवी शिक्षण : महाविद्यालयाची निवड आणि खर्चाचा हिशेब

वने, माती, पाणी आणि वन्यजीव यांचे रक्षण हा आता केवळ हौशी निसर्गप्रेमींचा विषय राहिलेला नाही. पाणलोट क्षेत्र विकास, सामाजिक वनीकरण, खारपाण पट्ट्यातील जमिनींची सुधारणा, २००६ च्या वनहक्क अधिनियमान्वये ग्रामसभांकडे आलेले सामूहिक वनांचे व्यवस्थापन अशा अनेक कामांसाठी शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या माणसांची आवश्यकता भासू लागली आहे. साहजिकच बारावीच्या शास्त्र शाखेतील ग्रामीण विद्यार्थीही या शिक्षणाकडे वळत आहेत. परंतु हे शिक्षण कोठे घ्यावे आणि ते आपल्याला परवडेल काय, हे दोन प्रश्न पालकांपुढे उभे राहतात, आणि त्यांची उत्तरे बहुधा शेजाऱ्याच्या मुलाने काय केले यावरून ठरविली जातात. शिक्षक व पंचायत सदस्य यांच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांना याहून नेमकी माहिती देता येईल.

पदवीचे नाव आणि नोकरीची अर्हता

महाविद्यालय निवडण्यापूर्वी पदवी निवडावी लागते, आणि पदवी निवडण्यापूर्वी पुढे करावयाच्या कामासाठी कोणती अर्हता मागितली जाते हे पाहावे लागते. हा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा होतो. भारतीय वन सेवेच्या परीक्षेचेच उदाहरण घ्यावे. संघ लोकसेवा आयोगाच्या अधिसूचनेनुसार उमेदवाराने पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र व प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय घेऊन पदवी मिळविलेली असावी, अथवा तो कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकी या शाखेचा पदवीधर असावा. पर्यावरणशास्त्र हा विषय या यादीत नाही. ज्या विद्यार्थ्याने 'पर्यावरण' या शब्दाच्या आकर्षणाने पदवी घेतली आणि वरील विषयांपैकी एकही विषय अभ्यासला नाही, त्याला तीन-चार वर्षांच्या परिश्रमानंतर या परीक्षेचे दार बंद असल्याचे कळते. दोष बुद्धीचा नसतो, परिश्रमाचाही नसतो. प्रवेशाच्या वेळी कोणी त्याला अधिसूचना वाचून दाखविलेली नसते, एवढेच.

उलटपक्षी, हीच यादी गरीब विद्यार्थ्याच्या फार उपयोगाची आहे. तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन विज्ञान शाखेची पदवी मिळविणारा विद्यार्थी या परीक्षेस तितकाच पात्र ठरतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य व दुय्यम विषयांची रचना आल्यापासून गुणपत्रिकेवर कोणते विषय स्पष्टपणे नोंदले जाणार आहेत, हे मात्र प्राचार्यांना अवश्य विचारावे. राज्य लोकसेवा आयोगाच्या वन सेवेसाठी, कृषी सेवेसाठी व मृद आणि जलसंधारण विभागाच्या पदांसाठी निघणाऱ्या जाहिरातींतील अर्हता वेगवेगळ्या असतात. अगदी अलीकडची जाहिरात मिळवून तीतील अर्हतेचा परिच्छेद वाचणे हा या निवडीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित उपाय होय.

कोठे काय शिकता येते

वनशास्त्राची चार वर्षांची स्वतंत्र पदवी देशातील कृषी विद्यापीठांतून १९८० नंतरच्या दशकात सुरू झाली. महाराष्ट्रात दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) आणि अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) या दोन्ही ठिकाणी हा अभ्यासक्रम आहे. जागा थोड्या असल्याने स्पर्धा असते. प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आणि केंद्रीभूत पद्धतीने होतात. काही जागा राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेतून भरल्या जातात.

या दोन ठिकाणांतील निवड केवळ अंतरावरून करू नये. दापोलीचा विद्यार्थी जांभ्या दगडाची जमीन, धो धो पडणारा पाऊस, डोंगरउतारावरून वाहून जाणारी माती, खैर, काजू, बांबू आणि किनाऱ्यावरील सुरूची बने यांच्या सान्निध्यात शिकतो. अकोल्याचा विद्यार्थी काळ्या जमिनीच्या, बेताच्या पावसाच्या प्रदेशात शिकतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा तर त्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि सातपुड्याचे सागवानी जंगल फार दूर नाही. पुस्तके जवळजवळ सारखीच असली तरी शिवार निराळे आहे. ज्याला पुढे विदर्भात काम करावयाचे आहे, त्याने या गोष्टीचा विचार करावा. कोकणातल्या मुलालाही हेच लागू आहे, जरी बाहेरचा प्रदेश पाहण्याचा लाभ कमी लेखण्याचे कारण नाही.

माती व पाणी यांकडे कल असणाऱ्यांसाठी कृषी अभियांत्रिकीची पदवी आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारही कृषी विद्यापीठांत ती घेता येते. अपधावाचे मोजमाप, सलग समतल चर, नालाबांध, गॅबियन बंधारे यांचे शास्त्र तेथे शिकविले जाते. गणिताची भीती असलेल्याने मात्र तिकडे जाऊ नये.

पदवीनंतरची दालने देशभर पसरलेली आहेत. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ मध्ये स्थापन झाली व १९९१ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याच शहरातील भारतीय वन्यजीव संस्था आणि भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था या दोन्ही १९८२ च्या आहेत. येथील शिक्षण पदव्युत्तर आहे. म्हणूनच पदवी घराजवळ कमी खर्चात घ्यावी आणि बचत पुढील शिक्षणासाठी राखावी, हा मार्ग अनेक कुटुंबांना अधिक मानवण्यासारखा आहे.

चांगले महाविद्यालय ओळखावे कसे

इमारत आणि माहितीपत्रक यांवरून फारसे काही कळत नाही. प्रथम महाविद्यालय विद्यापीठाचे स्वतःचे घटक महाविद्यालय आहे, अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे विचारावे. एकाच विद्यापीठाची पदवी मिळत असूनही यांच्या शुल्कांत मोठी तफावत असू शकते. कृषी व वनशास्त्राच्या बाबतीत भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती, अन्य महाविद्यालयांच्या बाबतीत राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेचा दर्जा पाहावा. अधिस्वीकृती नसल्यास पुढील प्रवेशात अडचण येण्याचा संभव असतो. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, तीही डोळ्यांखालून घालावी.

त्यानंतर प्रत्यक्ष भेट द्यावी. रोपवाटिका चालू आहे काय, की केवळ फलक आहे? पूर्णवेळ अध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरील किती? हर्बेरियममधील नमुन्यांवर अलीकडच्या तारखा आहेत काय? मागील वर्षी विद्यार्थी किती दिवस जंगलात वा पाणलोटात राहिले? या प्रश्नांची सरळ उत्तरे जेथे मिळतात, तेथे शिक्षण बरे असते. आणखी एक कसोटी पंचायत सदस्यांच्या हाती आहे. कृषी व वनशास्त्राचे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शेवटच्या वर्षी खेड्यांत कार्यानुभवासाठी येतात. ज्या गावात ते येऊन गेले, त्या गावाला विचारावे. मुलांनी माती परीक्षण करून अहवाल दिला, की चार छायाचित्रे काढून ती निघून गेली, हे गावकरी अचूक सांगतात.

खर्चाचा हिशेब

शुल्क हा खर्चाचा एक भाग आहे, अनेकदा लहान भाग. निवास, भोजन, प्रवास, क्षेत्रभेटी आणि पुस्तके यांचा हिशेब पूर्ण मुदतीसाठी मांडावा. समजा, बाहेरगावी राहण्या-जेवण्याचा खर्च दरमहा ५,००० रुपये धरला, तर वर्षातील १० महिन्यांचे ५०,००० आणि चार वर्षांचे २,००,००० रुपये होतात. या आकड्यापुढे दोन महाविद्यालयांच्या शुल्कातील थोडाफार फरक गौण ठरतो आणि वसतिगृहात जागा मिळते की नाही, हा प्रश्न मुख्य होतो.

साहाय्याच्या योजना पुष्कळ आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, तसेच अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या त्यांतील प्रमुख होत. वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत पद्धतीने व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्यात आली आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास ती लागू नाही. जागा लवकर मिळते म्हणून कोट्यातून प्रवेश घेणारे पालक ही सवलत स्वतःच्या हाताने घालवितात.

बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी प्रणालीवर भरावयाचे असतात आणि तेथे अडते ते कागदपत्रांवाचून. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र यांसाठी जून-जुलैत तहसील कार्यालयांत गर्दी उसळते. जात वैधता प्रमाणपत्राला तर याहून अधिक अवधी लागतो. पूर्वजांच्या शाळेतील नोंदी आणि जुने महसुली पुरावे शोधण्यातच कित्येक आठवडे जातात. शास्त्र शाखेतील विद्यार्थ्यांना हा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करता येतो. कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीच्या पहिल्याच सत्रात हे अर्ज भरून घ्यावेत, आणि ज्या घरांतून जुने दाखले मिळत नाहीत त्यांची यादी करून ग्रामपंचायतीने तलाठी व मुख्याध्यापक यांच्याकडे पाठपुरावा करावा.