नवे मॉडेल आणि जुनी गाडी : गरज व हाव यांतील विवेक

साधनेची परीक्षा केवळ ध्यानाच्या आसनावर होत नाही. ती बाजारात, घराच्या हिशेबाच्या वहीत आणि दारात उभ्या असलेल्या गाडीपाशीही होते. कठोपनिषदात शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. आपण गाडी कशी निवडतो, यावरून आपल्या रथाचे सारथ्य कोण करत आहे, हे कळते.

१. प्रश्न नेमका काय आहे?

समजा, जयपूरच्या मालवीय नगरात एक मराठी कुटुंब राहते. त्यांनी २०२० मध्ये टाटा नेक्सॉन ईव्ही घेतली. तेव्हा बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती आणि कागदावरचा पल्ला ३१२ किलोमीटर होता. मे २०२२ मध्ये ४०.५ किलोवॅट-तासांची गाडी आली, तिचा पल्ला ४३७ किलोमीटर. सप्टेंबर २०२३ मध्ये तिचे रूप पालटले. सप्टेंबर २०२४ मध्ये ४५ किलोवॅट-तासांची बॅटरी आली आणि पल्ला ४८९ किलोमीटरवर गेला.

म्हणजे पाच वर्षांच्या आत तीन वेळा ‘आपली गाडी जुनी झाली’ असे वाटण्याचा प्रसंग आला. गाडी मात्र पहिल्या दिवशी जे काम करत होती, तेच करत आहे. बदल झाला तो तुलनेत.

२. गरज मोजून पाहावी

मन अंदाजाने बोलते, विवेक मोजून बोलतो. म्हणून आधी आकडे घ्यावेत.

अ. रोजची धाव : मालवीय नगरातून आमेरला जाऊन परत यायचे, तर साधारण ३५ किलोमीटर होतात. रस्त्यावरचा पल्ला कागदापेक्षा कमीच भरतो. जुन्या गाडीला तो २०० किलोमीटर मिळतो असे धरले, तरी रोजच्या कामाला तो पाचपट पुरतो.

आ. लांबचा प्रवास : दिल्ली सुमारे २८० किलोमीटर. जुन्या गाडीला वाटेत एकदा थांबावे लागेल. जलद चार्जरवर तासभर धरा. वर्षातून चार वेळा जाणे-येणे झाले, तर आठ तास होतात. नवी गाडी फार तर हे आठ तास वाचवील. त्यातही चहा-जेवणासाठी आपण एरवी थांबतोच.

इ. बॅटरीची स्थिती : या गाडीच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर हमी आहे. अधिकृत सेवा केंद्रात तपासणी करून घ्यावी. ‘बॅटरी आता जाईल’ ही भीती खरी की ऐकीव, हे तिथे कळेल.

३. मनाच्या सबबी ओळखाव्यात

हाव उघड्या तोंडाने येत नाही, ती सद्गुणाचे वस्त्र पांघरून येते. ‘पर्यावरणासाठी नवी घेतो’ हे त्यातलेच. पेट्रोलची गाडी सोडून विजेची घेतली, तर इंधन वाचते. विजेची देऊन विजेचीच घेतली, तर ती बचत नव्याने होत नाही. उलट नवी बॅटरी बनवताना खनिजे आणि ऊर्जा खर्च होतात. आपली जुनी गाडी घेऊन कोणी पेट्रोलची गाडी सोडणार असेल, तर मात्र या युक्तिवादात तथ्य आहे. पण तसा माणूस खरोखर समोर आहे का, हे पाहावे.

दुसरी सबब, ‘शेजाऱ्यांनी घेतली’. ही आपण उघड बोलत नाही, म्हणूनच ती जास्त बलवान असते. राजा ययातीने मुलाचे तारुण्य मागून घेतले, तरी त्याची तृप्ती झाली नाही. मोठ्या पडद्याने आणि नव्या दिव्यांनी ती होईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

४. बदलणे केव्हा योग्य?

अपरिग्रह म्हणजे कशालाही नाही म्हणणे नव्हे. नोकरीमुळे रोजची धाव दुप्पट झाली, घरातील वृद्धांना जुन्या गाडीत चढता येईना, सुरक्षिततेत खरी उणीव दिसली किंवा हमी संपून बॅटरी खरोखर थकली, तर गाडी बदलणे हे कर्तव्यच आहे. तेव्हा अपराधी वाटून घेऊ नये. मात्र त्यासाठी मुलांच्या शिक्षणाचा किंवा आई-वडिलांच्या औषधांचा पैसा हलत असेल, तर थांबावे.

५. आहे त्याची सेवा

संतोष हा पतंजलींनी सांगितलेल्या नियमांपैकी एक. तो कृतीत दिसावा. जयपूरचे ऊन मे-जूनमध्ये चाळिशीच्या वर जाते आणि उष्णतेने बॅटरी लवकर थकते. म्हणून गाडी सावलीत लावावी, पूर्ण भरलेली बॅटरी घेऊन ती दिवसेंदिवस उन्हात उभी ठेवू नये, टायरमधील हवा वेळेवर तपासावी. वस्तूची निगा राखणे हीच तिच्याविषयीची कृतज्ञता.

या महिन्याचा अभ्यास

१. तीस दिवस रोजचे किलोमीटर वहीत लिहा.
२. पल्ला अपुरा पडला, ते दिवस वेगळे नोंदवा.
३. नवी गाडी घ्यावीशी वाटली, तो प्रत्येक क्षण लिहा आणि त्याआधी काय पाहिले किंवा ऐकले, तेही लिहा.
४. महिन्याअखेरीस ही वही घरातल्या सर्वांसमोर वाचा आणि मग निर्णय घ्या.

दुसऱ्या नोंदीतले दिवस जास्त असतील, तर गाडी पाहायला निःशंक मनाने जा. तिसऱ्या नोंदीतले क्षण जास्त असतील, तर काम गाडीवर नव्हे, मनावर करायचे आहे.