लिनक्स संगणक सुरू होत नाही तेव्हा : लेबलांचे दोष, निदान व उपाय

संगणक सुरू करावा आणि नेहमीच्या पडद्याऐवजी काळ्या पार्श्वभूमीवर इंग्रजीतील चार ओळी उमटून तो थांबावा, हा अनुभव लिनक्स वापरणाऱ्या कार्यालयांना व शाळांना नवा नाही. अशा वेळी डिस्क बिघडली, सारे दप्तर गेले, असा समज करून घेऊन प्रणाली नव्याने बसविण्याची घाई केली जाते. आणि तोवर सुरक्षित असलेली माहिती त्या घाईपायीच नष्ट होते. वस्तुतः पुष्कळदा माहिती जागच्या जागी असते. चुकलेला असतो तो केवळ तिचा पत्ता.

क्रमांकाऐवजी नाव

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ज्याची पहिली आवृत्ती प्रसृत केली, तो लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. डिस्कच्या ज्या विभागावर सर्व प्रणाली वसलेली असते त्यास 'रूट' अर्थात मूळ विभाग म्हणतात. कर्नल डिस्कना ज्या क्रमाने त्या सापडतील त्या क्रमाने एसडीए, एसडीबी अशी नावे देतो. नवी डिस्क जोडली, की हा क्रम बदलू शकतो. २००७ च्या फेडोरा ७ मध्ये तर जुन्या पद्धतीच्या डिस्कचे 'एचडीए' हे नाव बदलून 'एसडीए' झाले. गल्लीतील तिसरे घर असा पत्ता दिला आणि मध्ये एक नवे घर उभे राहिले, तर पत्र भलत्याच दारी जाणार. म्हणून घरालाच नावाची पाटी लावावी, तसे विभागाला लेबल देण्याची सोय झाली.

पाटी वाचतो कोण?

संगणक सुरू होताना 'ग्रब' हा प्रारंभक कर्नलला व त्यासोबत एका छोट्या तात्पुरत्या फाइलप्रणालीला स्मृतीत आणतो. हिला 'इनिट-रॅम-एफएस' असे नाव आहे. मूळ विभागाचे लेबल ग्रब कर्नलला कळवितो खरे. परंतु फाइलप्रणालीचे लेबल वाचण्याची विद्या कर्नलजवळ नाही. ते काम हा तात्पुरता संच करतो. पुढे एफएसटॅब या फाइलीतील यादीनुसार उरलेले विभाग जोडले जातात. दोष या तीन टप्प्यांपैकी कोठे आहे, हे पडद्यावरील लक्षणांवरून ओळखता येते.

लक्षणांवरून निदान

(१) 'कर्नल पॅनिक' हे शब्द आणि अज्ञात विभागापुढे कंसात दोन शून्ये दिसली, तर तात्पुरता संच बहुधा आलेलाच नाही. ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडून पाहावा.

(२) डेबियन वा उबुंटूमध्ये बिझीबॉक्सची, किंवा फेडोरामध्ये ड्रॅकटची आज्ञारेषा उघडली, तर संच आला आहे, पण विभाग सापडलेला नाही. तेथे 'ब्लकआयडी' ही आज्ञा द्यावी. विभाग दिसतो, पण लेबल वेगळे आहे, असे आढळल्यास चूक नावाची. विभागच दिसत नसल्यास तारेची जोडणी सैल आहे, किंवा संचात त्या डिस्कचा चालक नाही, असे समजावे. यूएसबीवरील डिस्क उशिरा जागी होत असल्यास 'रूटडिले' या सूचनेने काही सेकंद थांबण्यास सांगता येते.

(३) संगणक सुरू होतो, पण जुनीच माहिती दाखवितो, याचा अर्थ एकाच लेबलाचे दोन विभाग असावेत. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्या मूळ विभागास तिरपी रेघ हेच लेबल देत. अशा दोन संगणकांच्या डिस्क एकत्र आल्या, की एका नावाचे दोन धनी उभे राहतात.

(४) प्रणाली ९० सेकंद वाट पाहून आणीबाणीच्या अवस्थेत गेली, तर दोष बहुधा एफएसटॅबमधील नोंदीत असतो.

दुरुस्तीचा क्रम

डिस्कवर काहीही लिहिण्यापूर्वी ग्रबच्या यादीत 'ई' ही कळ दाबावी. रूटची नोंद असलेल्या ओळीत ब्लकआयडीने दाखविलेले अचूक लेबल किंवा यूयूआयडी लिहावा आणि कंट्रोल व एक्स या कळा एकत्र दाबून संगणक सुरू करावा. हा बदल तेवढ्या वेळेपुरताच असल्याने तो फसला तरी हानी होत नाही. प्रणाली सुरू होताच प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी. त्यानंतर ग्रबच्या मांडणीत व एफएसटॅबमध्ये कायमची दुरुस्ती करावी. लेबलच बदलावयाचे असल्यास एक्सटी-४ प्रकारासाठी 'ई-टू-लेबल' ही आज्ञा आहे. तात्पुरता संच डेबियन कुळात 'अपडेट-इनिट-रॅम-एफएस'ने, तर फेडोरात 'ड्रॅकट'ने नव्याने बांधता येतो. मात्र जुन्या कर्नलवरून काम चालू असेल, तर बिघडलेल्या कर्नलचा आवृत्ती-क्रमांक आज्ञेत आवर्जून द्यावा. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारित असल्याने तिलाही डेबियनची रीत लागू पडते.

घ्यावयाची दक्षता

एक्सटी-४ विभागाचे लेबल १६ बाइटांहून मोठे चालत नाही. एक्सएफएसमध्ये ही मर्यादा १२ आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे एक्सटी-४ वर मात्रा धरून जेमतेम ५ चिन्हे मावतात. यास्तव लेबल रोमन अक्षरांत, आखूड व मध्ये जागा न सोडता द्यावे. रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे येथे भिन्न मानली जातात, हेही ध्यानात असावे. जीपीटी पद्धतीत विभागाला जे वेगळे नाव असते, ते फाइलप्रणालीचे लेबल नव्हे. या दोहोंची गल्लत अनेकांकडून होते.

बहुतेक लिनक्स वितरणे लेबलाऐवजी ३६ चिन्हांचा यूयूआयडी वापरतात. तो सहसा दुसऱ्याशी जुळत नाही. परंतु डिस्कची हुबेहूब नक्कल केली असता लेबलाबरोबर तोही उतरतो. म्हणून नक्कल केलेली व मूळ अशा दोन्ही डिस्क जोडून संगणक सुरू करू नये.

प्रत्येक संगणकाच्या विभागांची लेबले व यूयूआयडी कागदावर उतरवून ती नोंद कार्यालयाच्या वहीत ठेवावी. ऐनवेळी हाताशी असलेला हा एक कागद अनेक वर्षांचे दप्तर वाचवू शकतो.