काढा औषधातच मोजा

आमच्या परसातल्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली आहे. निंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणाची, असं सासूबाई सांगायच्या. २०२० च्या पावसाळ्यात करोनाच्या धास्तीनं मी तिचाच काढा सुरू केला. बोटभर कांडं ठेचायचं, दोन पेले पाणी आटवून एक करायचं, आणि अनशापोटी प्यायचं. दिवाळीपर्यंत एक दिवस चुकवला नाही.

मग अन्नाचा वास नकोसा झाला, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली. डोळे पिवळे दिसले तेव्हा मी काढा बंद करायला हवा होता. पण काविळीवर गुळवेल देतात हे ऐकून होते, म्हणून तो दोन वेळा घेऊ लागले. हे आजही मनाला टोचतं.

डॉक्टरांनी विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?" मी थायरॉईडची गोळी तेवढी सांगितली. काढा काही औषध नव्हे, तो तर घरचा! काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, तरी यकृताच्या तपासणीत एसजीपीटी हजाराच्या वर. बोलता बोलता सुनेच्या तोंडून काढ्याचा विषय निघाला, तेव्हा डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. पुढे यकृताची बायोप्सी, स्टिरॉईडच्या गोळ्या, आणि चार महिने.

जुलै २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, गुळवेलीच्याच टिनोस्पोरा प्रजातीतल्या दुसऱ्या वेलीशी गफलत झाली असावी. तशी गफलत होते; त्या दुसऱ्या वेलीच्या, टिनोस्पोरा क्रिस्पाच्या, खोडावर मात्र गाठीच गाठी असतात. पण माझी वेल वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी पाहिली. ती गुळवेलच.

गुळवेलीला मी शत्रू मानत नाही. पण ती प्रतिकारशक्ती चेतवते, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलेली असते, त्यांना तेच बाधू शकतं. थायरॉईडचे काही विकार, आमवात, सोरायसिस हे असेच आजार. घरात असं कुणी असेल तर वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारल्याशिवाय काढा देऊ नका. इतरांनीही किती दिवस घ्यायचा हे आधी ठरवून घ्यावं, सुरू केल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी. लघवी गडद झाली की त्याच दिवशी थांबा, आणि दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर वेलीचं एक कांडं, पानासकट, पिशवीत घाला.